उन्हाची जागा
एक भिंग. हातभर ऊन. नवऱ्याची खुर्ची. कुंडीतलं वीतभर झाड. नर्सरीतून आणलेलं पाइनचं बोन्साय कस्तुरानं टेबलावर ठेवलं, तसा तिचा नवरा विलास हसला. "फसलीस गं! हे तर आमच्या कोकणातलं सुरूचं झाड." "पाइन निघालं तर? पाइनला ऊन लागतं. गॅलरीतली तुमच्या खुर्चीची जागा द्याल?" "दिली!" चाकणच्या कंपनीत वीस वर्षं बोल्ट तपासणाऱ्या कस्तुरानं भिंग काढलं. सुरूची सुईसारखी पात ओढली की सांध्यासांध्यातून सुटते. ही सुटली नाही. सुईच्या बुडाशी पाहिलं, तर पाइनच्या असतात तशा सुया जोडीजोडीनं उगवलेल्या. एक चुरगळून तिनं विलासच्या नाकाशी धरली. राळेचा घमघमाट. "पास!" ती ओरडली. "हरलो बाई. पण पाणी मीच घालणार." "माती सुकल्याशिवाय थेंबही नाही हं!" कुंडी छातीशी धरून तो गॅलरीत गेला. खुर्ची तिनं पैज लागण्याआधीच आत नेली होती.