खोडलेलं वाक्य

ऑफिसात टायपिंगचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि पत्रांचे जुने नमुने त्यात बसवण्याचं लचांड टायपिस्टबाईंच्या गळ्यात पडलं. बडतर्फीचा नमुना उघडताच त्यांचे हात थबकले. बारा वर्षांपूर्वी ज्या पत्रानं त्यांच्या स्टोअरकीपर नवऱ्याला इथून चोर ठरवून काढलं, तेच पत्र नाव बदलून सगळ्यांसाठी वापरलं जायचं. जुन्या सॉफ्टवेअरनं लपवलेली खाडाखोड आता लाल अक्षरांत समोर आली: ‘चौकशीत चोरी सिद्ध झालेली नाही.’ वाक्यावर काट, शेजारी खोडणाऱ्याचं म्हणून साहेबांचं नाव. आणि घरी बाई बारा वर्षं नवऱ्याला टोमणे मारत होत्या, “आगीशिवाय धूर निघतो का?” तेवढ्यात साहेब केबिनमधून खेकसले, “झाले का नमुने?” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद छापून त्यांनी साहेबांच्या टेबलावर आपटला. “हे खोडलेलं वाक्य मोठ्यानं वाचा. मग घरी चला, माझ्या नवऱ्यालाही वाचून दाखवा.”