मशीनला उकडतंय

चाकणच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये समाधान मार्चपासून एक पंखा मागत होता. मालक दादासाहेब दर वेळी म्हणायचे, "आमी भर उन्हात नांगर धरलाय, राव. तुला सावलीत वारा पायजे व्हय?"

सोमवारी समाधानच्या सीएनसी मशीनवर अलार्म आला : कंट्रोलच्या पेटीतला पंखा बंद. दादासाहेब धावत आपल्या केबिनमध्ये गेले, तिथला स्टँडचा मोठा पंखा स्वतः उचलून आणला आणि मशीनसमोर लावला. त्यातला निम्मा वारा समाधानला लागत होता.

मेंटेनन्सच्या दीपमालाने मशीन बंद करून कंट्रोलचं झाकण उघडलं. आतला छोटा पंखा ठणठणीत होता. फक्त त्याची वायर कुणीतरी अलगद काढून ठेवली होती. तिने समाधानकडे पाहिलं. समाधान छताचे पत्रे मोजू लागला. तिने वायर जोडली आणि अलार्म गेला.

"झालं का, मॅडम? मग माझा पंखा नेतो," दादासाहेब म्हणाले.

समाधानचा चेहरा पडला. दीपमालाने कपाळावरचा घाम पुसला.

"झालं, साहेब. पण मशीन नाजूक असतं. पाऊस सुरू होईपर्यंत बाहेरचा वारा असू द्या."

"ऱ्हाऊ द्या मग! मशीनपेक्षा आमी मोठं हाय का?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्सच्या बिनखिडकीच्या खोलीत दीपमालाच्या कॉम्प्युटरचाही पंखा बंद पडला.