पहिली झोप

भिमाजीने नव्या घराची किल्ली आईच्या हातात ठेवली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"उद्या झोपड्या पाडणार म्हनं," तो म्हणाला. "आज ना उद्या तिकडं जावंच लागंल. मी कामावर जाऊन येतो, आये."

घर मिळालं की थोरांच्या पाया पडायचंच. गोजरबाईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सून पुष्पावतीने गुळाचा शिराही केला होता. या दुष्काळात तिने गूळ कुठून पैदा केला, देव जाणे. वाढताना ती पोटुशी पोर सारखी डोळे पुसत होती. झोपडीत धूर होताच.

गोजरबाईने शिऱ्याचा कणही ताटात ठेवला नाही.

सीना नदीच्या काठावरच्या झोपड्यांत सगळेच घाबरलेले होते, पण उघड कुणी बोलत नव्हतं. पाथर्डी-शेवगावकडून पोटामागे नगरला आलेली ही माणसं. त्यांच्यासाठी सरकारने सावेडीच्या माळावर विटांच्या खोल्या बांधल्या होत्या. विटा वाचाव्यात म्हणून दोन घरांत एकच भिंत, वर पत्रा, दारापुढे झाडासाठी खड्डा. गरिबाला परवडेल आणि शहरही शिस्तीत वाढेल, असं साहेब मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्यांचं खोटं नव्हतंच. पण पहिल्या ओळीत राहायला गेलेल्या राहीबाईचा तरणा मुलगा पहिल्याच रात्री झोपला तो उठलाच नाही. पलीकडच्या घरातली नवी नवरीही तशीच गेली. डॉक्टरांनी तापाचं नाव घेतलं, वस्तीने मात्र वास्तूचं घेतलं. वास्तुशांत केलेली नाही, मग कोरं घर पहिल्या झोपणाऱ्याचा जीव घेणारच. साहेब हसले होते. सरकारी घराला कसली आलीय शांत, म्हणाले.

गोजरबाईने मनाशी ठरवून टाकलं होतं. पहिली झोप आपण घ्यायची. मग पोरगा, सून, येणारं लेकरू, सगळी बिनघोर राहतील. फक्त भिमाला कळता कामा नये.

"जरा झाडलोट करून येते," ती सुनेला म्हणाली.

"मी येऊ का संगं, आत्याबाई?"

"तू उंबऱ्याला पाय लावू नगंस."

"बरं," सून म्हणाली, आणि घडी केलेली गोधडी तिने सासूच्या हातात दिली.

खोलीत ओल्या चुन्याचा वास कोंडला होता. उन्हाने पत्रा तडतडत होता. गोजरबाईने आतून कडी लावली, गोधडी अंथरली आणि आडवी झाली. उठून पळत सुटावं असं तिला वाटत होतं. मरणाला आपण एवढं भीत असू, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले.

तेवढ्यात भिंतीतून खोकल्याचा आवाज आला.

शेजारच्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं. पुन्हा खोकला आला, मग कुणीतरी कण्हलं.

"कोन हाय?" तिने भिंतीला कान लावून विचारलं.

पलीकडून आवाज आला, "गोजरा वैनी का?"

त्यांच्याच रांगेतल्या झोपडीतला म्हातारा पुंजाराम होता.

"तुमी हितं काय करताय, भावजी?"

"झाडायला आलो हुतो."

"झाडूचा आवाज न्हाई येत तुमच्या."

"तुमचाबी न्हाई येत, वैनी."

गोजरबाईने हळूच विचारलं, "गहिनीनाथला ठावं हाय?"

"पोराला कळलं तर पाय ठिवू देईल व्हय हितं? लई जीव हाय त्याचा माझ्यावर."

"आमचा भिमाबी तसाच. मी गेल्यावर खुळा हुईल बघा त्यो."

"भ्या वाटतंय?"

"लई."

"मलाबी. बोलत ऱ्हाऊ मग डोळा लागंस्तोवर."

ती दोघं बोलत राहिली. गावाकडच्या बाभळी, आटलेल्या विहिरी, लहानपणीची पोरं. पुंजाराम गहिनीनाथच्या खोड्या सांगत होता. बोलता बोलता त्याचा शब्द जड झाला आणि मध्येच थांबला.

"भावजी?"

तिने भिंतीवर हात आपटला. "अवो भावजी!"

पलीकडे काहीच हललं नाही. गोजरबाईने तोंडात पदर कोंबला. गेला बिचारा. आता आपली पाळी. दार चार पावलांवर होतं. तिने दाराकडे पाहिलं, पुष्पावतीचं पोट तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ती तशीच कुशीवर वळली. रडता रडता, शिऱ्याच्या जडपणाने आणि उकाड्याने, तिचा डोळा लागला.

भिंतीवर धपाधप बुक्क्या बसत होत्या.

"वैनी! उठा वो! मी जित्ता हाय!"

गोजरबाई ताडकन उठून बसली. तिने स्वतःला चिमटा घेतला, तोंडावरून हात फिरवला, आणि पोरीसारखी हसू-रडू लागली. घर चांगलं होतं. घर कुणाचा जीव घेत नव्हतं. कधी एकदा भिमाला सांगते असं तिला झालं. तिने कडी काढली, दार सताड उघडलं.

ऊन उतरलं होतं. समोरच्या खड्ड्याच्या कडेला भिमाजी आणि गहिनीनाथ पाठमोरे बसले होते. शेजारी बांबू पडले होते. पोराने एकट्याने झोपडी सोडवून आणली वाटतं, या विचाराने तिला त्याची कीव आली.

"भिमा!" तिने आनंदाने हाक मारली.

भिमाजीने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तो धडपडत उठला, तशी मांडीवरची कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी मातीत पडली.

बांबू हिरवे होते, नुकतेच तोडलेले. दोन तिरड्यांना पुरतील एवढे.