दोन पांढरे पाइप

मेकॅनिकने मशीनचं झाकण काढून ओट्यावर ठेवलं तेव्हा आतून कोंदट वास आला.

"वर्षभर बंद कशाला ठेवलीत, काका?"

बाइंडरने चष्मा वर सरकवला. चष्म्याची एक काडी मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. चाळीस वर्षं पुस्तकं शिवण्यात गेलेली. घरात काही हललं, तुटलं, गळलं की त्याचा हात आधी दोऱ्याकडे जायचा. तीन वेढे घालायचे, टोक आत सारायचं, गाठ दिसता कामा नये. कढईचा कान, खिडकीची कडी, झाडूची मूठ, सगळं तसंच. बांधलं की तो विसरूनही जायचा. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही बांधून ठेवाल."

ते काही जमलं नाही. मागच्या वर्षी ती गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती.

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती. सकाळी सासरहून आली ती मामाचा विषय घेऊनच. मामा अंथरुणाला खिळलाय, एकदा येऊन भेटा, एवढंच तिचं म्हणणं. बाइंडर म्हणाला होता, आधी मशीन उघडू दे, मग बोलू.

पाणी शुद्ध करायची ही मशीन मामानेच आणली होती. त्याचं नळदुरुस्तीचं दुकान होतं. डॉक्टरांनी बहिणीला मूतखड्यामुळे मीठ कमी करून भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी मामा मशीन घेऊन हजर. स्वतःच्या हातांनी बसवली. बाइंडर नळाचंच पाणी प्यायचा, मशीनचं तिच्यासाठी. ती तांबेच्या तांबे रिकामे करायची. शेवटी शेवटी तोंड वाकडं करून. पाणी खारट लागतं म्हणायची. बाइंडर म्हणायचा, गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय, पी मुकाट्याने.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी त्याने मशीनचं घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग मेहुण्याला बोलावून घेतलं.

मेहुण्याने झाकण काढलं, आत टॉर्च धरला. बराच वेळ पाहत राहिला. मग काही न करता झाकण परत लावलं, एकेक स्क्रू आवळून.

"भाऊजी, चूक माझी आहे," एवढंच म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. "ही मशीन वापरू नका. आणि कुणाला उघडूही देऊ नका."

चोराच्या मनात चांदणं, असं बाइंडर पुढे सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरला. बहिणीला याने मारली, इथपर्यंत बोलला. मेहुण्याने एकदाही तोंड उघडलं नाही. त्याने दुकान बंद केलं आणि घरात बसला.

मेकॅनिकने मशीन अर्धा तास चालू ठेवली, आतलं जुनं पाणी सोडून दिलं. मग तीन पेले भरून त्यात आपला क्षार मोजायचा मीटर बुडवला. नळाचं पाणी नऊशे. मशीनच्या तोटीचं सोळाशे. खालच्या बादलीत पडणारं, फेकून द्यायचं पाणी सत्तर.

त्याने मीटर पुसून पुन्हा बुडवला. आकडे तेच.

"आत दोन पांढरे पाइप असतात, काका. एक शुद्ध पाण्याचा, एक फेकायच्या पाण्याचा. टाकीच्या मागे त्यांची अदलाबदल झालीय. फेकायचं पाणी पीत होतात तुम्ही."

"मी नाही," बाइंडर म्हणाला. "ती."

मुलीने गॅलरीकडे पाहिलं. आई बादलीतलं पाणी कुंड्यांना घालायची. झाडं अशी फोफावली होती की शेजारणी विचारायच्या, खत कुठलं घालता. आता कुंड्यांत काटक्या उरल्या होत्या.

पाणी खारट कधीपासून, असं मेकॅनिकने विचारलं.

"सुरुवातीला चांगलं होतं," मुलगी म्हणाली. "पहिली दोन वर्षं तर आई आल्यागेल्याला कौतुकाने पाजायची."

"मामाची वकिली नको," बाइंडर म्हणाला.

त्याने आधीच काढून ठेवलेला कागद मेकॅनिकपुढे सरकवला. लिहा, पाइप उलटे जोडले होते. बसवणाऱ्याची चूक.

"बसवणाऱ्याचीच, हे कशावरून?"

"त्याच्याशिवाय या मशीनला कुणाचा हात लागलेला नाही. लिहा तुम्ही."

मेकॅनिकने खांदे उडवले, लिहिलं आणि खाली सही केली. बाइंडरने कागद मुलीच्या हातात दिला.

"जा घेऊन. मामाला वाचून दाखव. मग विचार मला, भेटायला येता का म्हणून."

मुलीने कागद वाचला. दोनदा वाचला. वर्षभर ती मामाची बाजू घेत आली होती. आता तिने घडी घातली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

"मीही नाही जाणार," ती म्हणाली.

बाइंडरने मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला.

"पाइप सरळ करून देतो, पाच मिनिटांचं काम," मेकॅनिक म्हणाला. त्याने टाकी बाजूला केली, टॉर्च आत ठेवला आणि दोन्ही हात घातले. ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं.

"काका, कात्री द्या जरा. कंपनीची क्लिप नाही इथे. गळत असेल म्हणून नंतर कुणीतरी काढून पुन्हा बसवलंय, वरून बांधलंय. आणि काय बांधलंय, गाठच सापडत नाही."

बाइंडर कात्री घेऊन वाकला. टॉर्चच्या उजेडात दोन्ही पाइपांच्या तोंडाशी काळा दोरा होता, तीन वेढ्यांचा, टोक आत सारलेलं.