वीस तारखेचा चेक

चेक थांबवायचे तीस डॉलर बँकेने कापून घेतले, आणि धनेशने क्लेमेंटी स्टेशनखाली उभ्या उभ्याच फोनमधलं सिम काढून पाकिटात टाकलं.

चेक मनीलेंडरला दिलेला, दोन हजार डॉलरचा, वीस तारखेचा. वीसला पगार होणार, वीसलाच चेक वटणार, असा सरळ हिशोब होता. त्याच्याकडून घेतलेल्या कर्जातून रुचिरा आणि छोट्या इराची पुण्याहून यायची पुढच्या महिन्याची तिकिटं काढून झाली होती. जुन्या पगारावर कुटुंबाला इथे ठेवायचा पास, म्हणजे परवाना, मिळत नव्हता, नव्या नोकरीत मिळणार होता. पाच वर्षं बायको-मुलीला फोनच्या काचेत बघून धनेश पार विटला होता.

अठरा तारखेला कळलं की पगार वीसला येणारच नाही. परदेशी माणूस नोकरी सोडतो तेव्हा कराचा हिशोब मिटेपर्यंत कंपनी शेवटचा पगार अडकवून ठेवते. त्याला हे कळवलं होतं म्हणे, एका लांबलचक मेलच्या तळाशी. धनेश मेल तळापर्यंत वाचणाऱ्यांतला नव्हता.

नव्या नोकरीचं मात्र सगळं झालं होतं. पत्रावर सही झाली होती. आता फक्त सोमवारी नऊला चांगी बिझनेस पार्कमध्ये हजर व्हायचं. तोवर लेंडरला नव्या ऑफिसचा पत्ता लागला नाही म्हणजे मिळवली. रुजू होण्याआधीच वसुलीवाले दारात आले तर कोण ठेवून घेणार?

ज्यांच्या फ्लॅटमध्ये तो खोली घेऊन राहत होता त्या बाबाजींना त्याने सगळं सांगितलं. बाबाजी जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. तीस वर्षं लोखंडाशी बोलण्यात गेल्यामुळे माणसांशीही तसंच बोलायचे.

"कुणी आलं तर मी नाही म्हणून सांगा, काका."

"नाही म्हणजे बाहेर गेलाय, की मुळातच नाही?"

"मुळातच नाही. भारतात गेलो. कायमचा."

"खोटं बोलायचं तर पक्कं बोलावं," बाबाजी म्हणाले. "गळकं काम मला चालत नाही."

"आणि हे लोक काहीही सांगतात बरं का. कुरिअर आहे म्हणतील, ऑफिसातून आलोय म्हणतील. भुलू नका."

बाबाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांना भुलवणारा अजून जन्माला यायचा होता, असा त्यांचा समज होता.

पुढचे दिवस धनेशने कसे काढले त्याचं त्यालाच ठाऊक. लिफ्टचं दार वाजलं की घास हातात राहायचा. लेंडरच्या फॉर्मवर ईमेल दिला होता, म्हणून मेल उघडेना. घरच्या वायफायवर रुचिराशी बोलायचा तोही न्हाणीघरात, नळ सोडून.

"तिकडे पाऊस आहे का?" तिने विचारलं.

"हो, जोरात."

"इरा सारखी विचारते, बाबाच्या घरी खिडकी आहे का."

"आहे म्हणावं. मोठी आहे."

गुरुवारी दुपारी तो खाली उतरला, तर पत्रपेट्यांपाशी एक मुलगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात निळी फाइल. ती फाइलमधला कागद बघायची आणि मान वर करून मजले मोजायची. बाराव्या मजल्याशी तिची मान थांबली. बाबाजींचा फ्लॅट बाराव्यावर होता.

धनेश उलट्या पावली मागच्या जिन्याने निघाला आणि समोर आली ती बस पकडली. बस मरीन परेडला गेली. समुद्राकाठी बाकावर बसून त्याने तासभर जहाजं बघितली. भित्री भागूबाई झाली होती त्याची, आणि स्वतःची लाज वाटत होती. घरी आल्यावर त्याने निळ्या फाइलवाल्या मुलीचं सांगितलं, तर बाबाजी म्हणाले, "बेल वाजली होती, पण मी आंघोळीत होतो."

शुक्रवारी सकाळी बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर पैसे आलेले. कराचा हिशोब मिटून अडकलेला सगळा पगार, सेंटासकट. क्षणभर त्याचा विश्वासच बसला नाही. मग अंगात शर्ट घालतच तो धावला.

लेंडरच्या काउंटरवरच्या बाईंनी व्याज लावलं, उशिराचे साठ डॉलर लावले, पैसे मोजून घेतले आणि पावतीवर शिक्का मारला.

"यू केम बिफोर वी कॉल," त्या म्हणाल्या. "व्हेरी गुड, लाह."

धनेश नुसता हसला. सिमच पाकिटात म्हटल्यावर कुणी फोन केला नि कुणी नाही, त्याला काय कळणार? सुटलो एवढंच त्याला कळलं. रुचिराला सगळं खरं सांगायचं त्याने ठरवलं, ती रागावली तरी. येताना हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून बाबाजींना आवडणारी तळलेली केळी घेतली.

दार बाबाजींनीच उघडलं. स्वारी भलतीच खुशीत होती.

"मिटलं, काका. सगळे पैसे देऊन आलो. आता कुणी यायचं नाही."

"यायचं नाहीच. मी कायमचा बंदोबस्त केलाय." बाबाजींनी केळं उचललं. "तासाभरापूर्वी आली होती. निळ्या फाइलवाली."

"बरं मग?"

"अगदी तू म्हणालास तस्सं. म्हणे नव्या ऑफिसातून आलेय, चार दिवस फोन लागत नाही, मेलला उत्तर नाही. पाससाठी एक सही राहिलीय, आज शेवटचा दिवस. फाइलवर तुझा फोटोसुद्धा चिकटवला होता लबाडांनी. मी बधतोय होय! म्हटलं, धनेश कायमचा भारतात गेला, त्याला तुमची नोकरी नको. तर म्हणते, अंकल, तसं लिहून द्याल का, म्हणजे मला पासचा अर्ज आजच रद्द करता येईल." बाबाजींनी बोटांचं तेल पुसलं. "दिलं लिहून. खाली सही केली आणि तारीखही टाकली."