दोघीच

स्वरदाचा हायस्कूलमधला पहिला दिवस. न्यूझीलंडमधल्या टौरंगातल्या त्या शंभरी उलटलेल्या शाळेच्या दारात शिक्षिकेनं विचारलं, "किती जण?"

"दोघीच. मी आणि मुलगी," निवेदिता म्हणाली.

हॉलमधून एका माओरी आजींची लांबलचक हाक आली आणि नवी मुलं, त्यांचे आईवडील, सगळे त्या हाकेच्या मागोमाग झोपेत चालावं तसे संथ आत गेले.

खुर्चीत टेकल्यावर निवेदितानं हळूच विचारलं, "काय म्हणत होत्या गं त्या?"

"वेलकम करत होत्या, आई. आपल्याला. आणि आपली गेलेली माणसं आपल्याबरोबर चालत येतात ना, त्यांनाही."

"म्हणजे तुझ्या बाबालाही?"

"ऑफ कोर्स."

निवेदितानं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.