कलेजीचे एकतीस शनिवार

"आ कर!" एन्कार्ना म्हणाली.

इल्झेने ओठ घट्ट मिटले. काट्याला टोचलेला कलेजीचा गरम तुकडा तिच्या नाकापासून चार बोटांवर आला होता. भोवती स्पेनमधल्या कादिझ गावचा अख्खा बाजार गोळा झाला होता. मासेवाला असो की भाजीवाली, प्रत्येकाच्या गळ्यात पिवळा मफलर. शनिवारी संध्याकाळी गावाचा फुटबॉल संघ चौदा वर्षांनी वरच्या गटात गेला होता आणि आज दुपारी एक वाजता खेळाडूंची उघडी बस बाजारावरूनच जाणार होती. एन्कार्नाच्या कोंबड्यांच्या दुकानापुढे ढोल वाजत होता. एरवी दमडीची सवलत न देणारे लोक दिसेल त्याच्या हातात वाइनचा पेला कोंबत होते.

"खा की गं!" मासेवाला चानो ओरडला. "नव्या नवरीसारखी लाजतेस काय? तुझ्या पोटाच्या पुण्याईने वर गेलोय आम्ही!"

इल्झे लॅटव्हियाची. गोदीत जहाजदुरुस्तीचे नकाशे काढायच्या नोकरीवर आलेली. पहिलं वर्षभर या बाजारात तिला कुणी ओळखत नव्हतं. बोट दाखवायचं, पिशवी उचलायची, घरी जायचं. मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिने तंगडीकडे बोट दाखवलं आणि एन्कार्नाने शेजारची कलेजी बांधून दिली. ते सांगायचा तिला धीर झाला नाही. त्याच दिवशी, लागोपाठ नऊ सामने हरलेला संघ जिंकला.

पुढच्या शनिवारी इल्झेने तोंड उघडायच्या आत अर्धा किलो कलेजी तिच्या पिशवीत पडली. संघ पुन्हा जिंकला. झालं! एन्कार्नाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. इल्झेने अकराच्या ठोक्याला यायचं, कलेजी न्यायची, कांद्यावर परतून खायची, हा नेमच ठरला. संघ हरला की एन्कार्ना डोळे वटारायची. "कांदा कमी घातलास ना?"

आणि बाजार तिची वाट पाहू लागला. ती दिसली की चानो तिच्या नावाचं गाणं रचून म्हणायचा. भाजीवाली गालांचे मुके घ्यायची. तिला ताप आला तेव्हा तिघीजणी सूप घेऊन दारात हजर झाल्या. हे सगळं कलेजीपायी चाललंय, हे इल्झेला पक्कं ठाऊक होतं. पण वर्षभर कुणाशी दोन शब्द बोलायला न मिळालेलं माणूस कारणं विचारत बसत नाही. खरं काय ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

त्यातला एक तुकडाही तिने कधी खाल्ला नव्हता. कलेजीच्या नुसत्या वासाने तिला लहानपणापासून मळमळायचं.

"आ!" एन्कार्नाने काटा आणखी पुढे आणला. "आज घराघरांत कलेजी शिजणार आहे. पहिला घास तुझा."

एकच घास. डोळे मिटून गिळला असता, तर सगळं होतं तसंच राहिलं असतं. इल्झेने खरोखरच तोंड उघडलं. पण तो वास आत गेला आणि खरं बाहेर आलं.

"मी ती कधी खाल्लीच नाही. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला घालत होते."

ढोल थांबला. चानोच्या हातातला पेला कलंडला आणि वाइन त्याच्या बुटांवर सांडली. इल्झे फरशीकडे बघत राहिली. संपलं, ती मनात म्हणाली.

"कुत्र्याला," एन्कार्ना म्हणाली. "एकतीस शनिवार?"

"एकतीस."

"कांदा घालून?"

"नाही. नुसतीच."

चानोने कपाळावर हात मारून घेतला. "तरीच! तरीच मार्चमध्ये तीन सामने हरलो!"

"कुणाचा कुत्रा?" एन्कार्नाने विचारलं.

"पुल्गा. त्या म्हाताऱ्या खलाशाचा."

"मग बघत काय राहिलात, मेल्यांनो? आणा त्याला!"

अर्धा बाजार धावत सुटला. दहा मिनिटांत पुल्गा चानोच्या खांद्यावर बसून आला. गळ्यात पिवळा मफलर, एक कान उभा, एक पडलेला. ढोल पुन्हा दणाणला. बायका त्याच्या पंजांचे मुके घेऊ लागल्या. चानोने इल्झेच्या गाण्यात पुल्गाचं नाव घातलं आणि शंभर गळ्यांनी ते उचललं. पुल्गाने ताटलीतली कलेजी एका दमात फस्त केली तेव्हा तर छप्पर उडेल असा ओरडा झाला.

इल्झेलाही हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने पिशवी उचलली आणि हळूच दाराकडे निघाली. तेवढ्यात एन्कार्नाने तिचं मनगट पकडलं.

"कुठे निघालीस?"

"आता माझं काय काम? नशीब त्याचं होतं."

"ते राहू दे. तुला कलेजी आवडत नाही?"

"नाही."

"वाससुद्धा सहन होत नाही?"

"नाही."

"आणि तरी ऊन म्हटलं नाहीस, पाऊस म्हटलं नाहीस, दर शनिवारी अकराला येऊन ती घरी नेत होतीस?"

"हो."

बाहेर बसचा भोंगा वाजला. सगळे दाराकडे लोटले. एन्कार्नाने इल्झेला ओढत ओढत ढोलाच्याही पुढे, कुत्र्याच्याही पुढे नेऊन उभं केलं.

"हो पुढे, वेडे! तोंडाला चव नाही, पोटाला सुख नाही, तरी दर आठवड्याला न चुकता यायचं. अगं, चौदा वर्षं त्या मैदानावर जाऊन आम्ही तरी दुसरं काय केलं?"